वन्संची हिमनदी, मुक्काम अल ऐन

आमच्या वन्संइतका उन्हाचा मनापासून अपमान करणारा माणूस अमिरातीत आजवर झाला नसेल. तसे इथे उन्हाला सगळेच शिव्या घालतात. पार्किंगपासून ऑफिसच्या दारापर्यंत जाताना मीही घालते. पण आमच्या शिव्यांत भीती असते, थोडा आदरही असतो. वन्संच्या बोलण्यात त्यातलं काहीच नसे. जुलै महिन्यात भर दुपारी त्या व्हीलचेअरवरून विमानतळाच्या बाहेर आल्या, दार सरकल्याबरोबर भट्टीची झळ अंगावर आली, आम्ही सवयीनं डोळे बारीक करून उभे राहिलो, आणि वन्संनी मान वर करून आकाशाकडे असं पाहिलं, की जणू ऊन म्हणजे नव्यानं रुजू झालेला कारकून आणि ह्या त्याच्या साहेब. "एवढंच होय," त्या म्हणाल्या आणि गाडी कुठे लावलीय ते विचारू लागल्या. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी उन्हाची दखल घेतली ती एकदाच, आणि तीही 'वाया चाललेली ऊर्जा' एवढ्याच शब्दांत.

नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला वन्सं म्हणायची पद्धत माझ्या आईच्या पिढीबरोबर संपली. माझं लग्न झालं तेव्हा मी निव्वळ आगाऊपणानं त्यांना तशी हाक मारली होती. सासूबाई दचकल्या, पण ह्या प्रसन्न झाल्या. दिवसभर मॅडम-मॅडम ऐकून कान किटतात, त्यापेक्षा हे बरं, असं म्हणून त्यांनी ते नाव पदवीसारखं स्वीकारलं. वन्संचा धंदा हिमनद्यांचा. अभ्यास, संशोधन वगैरे शब्द लोक वापरत. त्या स्वतः धंदाच म्हणत. हिमाचलातल्या लाहौलच्या पलीकडे शेवटच्या गावापासून दोन दिवस चाललं, की एक हिमनदी लागते. ती इतकी लहान, की तिला धड नावही नाही, कागदोपत्री नुसता क्रमांक आहे. वन्संनी उमेदीच्या वयात तिच्यावर काठ्या रोवल्या आणि मग जन्मभर दर सप्टेंबरात जाऊन त्या मोजल्या. काम ऐकायला अगदी सोपं. बर्फात खोल भोक पाडायचं, त्यात लांब बांबू उतरवायचा, आणि वर्षानं येऊन किती बांबू उघडा पडलाय ते बघायचं. जेवढा उघडा पडला, तेवढा बर्फ वितळून गेला. खालपासून वरपर्यंत अशा काठ्यांची रांग, आणि सगळ्यांत वरची काठी पार खिंडीजवळ, जिथं पोचेपर्यंत तरण्याताठ्यांची जीभ बाहेर येते. एका वर्षी वादळानं तंबूत कोंडून घातलं, खायला फुटाण्यांशिवाय काही उरलं नाही, बरोबरचे ज्येष्ठ प्राध्यापक खाली उतरू म्हणून विनवण्या करू लागले, तेव्हा ह्यांनी त्यांना सुनावलं होतं, की रिकाम्या हातानं परत जायला मी काय साड्यांच्या सेलला आलेय? वरची काठी मोजूनच उतरल्या. लग्न का केलं नाहीत, असं आमच्या एका काकूंनी फार खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि सप्टेंबरमध्ये वेळ नसायचा, असं कारण दिलं.

अशी बाई अल ऐनसारख्या गावात कशी आली, तर तिला पळवून आणली. निवृत्त झाल्यावरही त्या दर वर्षी वर जातच होत्या. मग दोन्ही गुडघे गेले. ते बदलताना केलेल्या तपासण्यांत हृदयाचंही काहीतरी निघालं आणि डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, की आता उंचावर पाय ठेवायचा नाही. माझा नवरा श्रीधर, ज्याला वन्सं अजूनही बाळ्या म्हणतात, तो तसा कुणाच्या अध्यात नसलेला, एचआरमध्ये मुरलेला माणूस. पण ह्या एका बाबतीत त्याचं डोकं चाललं. पुण्यात ठेवली तर ही कुबड्या घेऊन मनालीची बस पकडेल, असं म्हणून त्यानं सरळ व्हिसा काढला. आयुष्यात पहिल्यांदाच अल ऐनमध्ये राहण्याचा त्याला अभिमान वाटत होता: सगळ्या नातेवाइकांत बर्फापासून सर्वांत लांब आपणच राहतो.

वन्सं माणसांची परीक्षा एकाच प्रश्नावर करत. ह्या माणसाबरोबर आपण स्वतःला एका दोराला बांधून घेऊ का? हिमनदीवर चालताना सगळे एका दोरात असतात. एक भेगेत पडला तर बाकीच्यांनी त्याला धरायचं, नाहीतर त्याच्यामागून जायचं. त्यामुळे हुशार, सज्जन, श्रीमंत असल्या विशेषणांशी त्यांना कर्तव्य नसे. श्रीधरचे जनरल मॅनेजर एकदा आमच्याकडे जेवायला आले. पुरणपोळ्या झाल्या, गप्पा झाल्या, साहेब खूश होऊन निघाले, तर दारात वन्संनी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, की तुम्ही माणूस चांगले आहात, पण दोराला नको. साहेबांना तो मराठी आशीर्वाद वाटला आणि ते वाकून थँक्यू म्हणाले. श्रीधर आठवडाभर झोपला नाही. स्वतः श्रीधरला त्यांनी दोरात 'मधे' घालण्यायोग्य ठरवलं होतं, म्हणजे जिथे फारसं काही करावं लागत नाही. मला त्यांनी काय ठरवलंय ते विचारायचा धीर मला झाला नाही.

करमणूक म्हणाल तर त्यांना एकच होती. संध्याकाळी आम्ही हायपरमार्केटला गेलो, की त्या वॉकर ढकलत थेट मासळीच्या काउंटरवर जायच्या. स्वतः जन्माच्या शाकाहारी. पण मासे बर्फाच्या ज्या चुऱ्यावर पसरलेले असत, त्याच्यावर हात ठेवून त्या उभ्या राहत. काउंटरवरचा मलयाळी तरुण पहिले काही दिवस आँटीला सुरमई दाखवायचा, पापलेट दाखवायचा. मग त्याच्या लक्षात आलं, की आँटींना माशांत रस नाही, त्या खालचा माल बघताहेत. बर्फाचा दाणा मोठा झालाय, हा कालचा आहे, असं त्या त्याला हिंदीत सांगायच्या आणि तो बिचारा गुपचूप बर्फ बदलायचा. पुढे पुढे त्यानं त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. आमची दहावीतली कन्या, मिहिका, हे सगळं दुसऱ्या रांगेतून, आपला ह्या कुटुंबाशी संबंध नाही अशा चेहऱ्यानं बघत असे. "आत्या, पीपल आर टेकिंग पिक्चर्स," ती कुजबुजायची. वन्सं म्हणायच्या, घेऊ देत, माझं काय जातंय.

त्यांच्या वास्तव्यातला कळस म्हणजे आमच्या इमारतीतली फायर ड्रिल. अलार्म वाजला, लिफ्ट बंद झाल्या, आणि सगळे भाडेकरू नेहमीप्रमाणे आपापले मोबाइल आणि चहाचे कप घेऊन जिन्यात रेंगाळू लागले. वन्संनी गॅलरीतली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडून आणली, आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना कमरेला बांधून एका रांगेत लावलं आणि स्वतःचे नवे गुडघे सांभाळत सगळ्यांत मागे राहून तो तांडा खाली उतरवला. मागे का, तर उतरताना अनुभवी माणूस मागे असावा लागतो. रांगेत सर्वांत पुढे होते ग्रेगरीभाऊ. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले, वसईचे, इथल्या एका मोठ्या हॉटेलात बँक्वेट मॅनेजर. घेर असा, की दोरी त्यांच्यापाशीच निम्मी संपली. प्रत्येक वळणावर वन्सं वरून ओरडायच्या, की दोर ढिला सोडू नका. दुसऱ्या मजल्यावर ते थांबले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, मी बँक्वेट मॅनेजर हाय, बैल नाय." खाली वॉचमननं बांधलेली माणसं पाहिली आणि त्याला वाटलं, की पोलिसांनी धाड घातलीय. पण त्या दिवसापासून ग्रेगरीभाऊ वन्संचे भक्त झाले, कारण सगळे सुटले तेव्हा वन्संनी जाहीर केलं, की दोराला घ्यायला ह्या इमारतीत हा एकच माणूस लायक आहे. ह्याला ओढून न्यायला भेगेलासुद्धा कष्ट पडतील.

सप्टेंबर जवळ आला तशा वन्सं गप्प होऊ लागल्या. मासळीच्या काउंटरवरही जाईनात. श्रीधरला हायसं वाटलं, मला नाही. त्यांच्या जागी ह्या वर्षी वर जाणार होते डॉक्टर सावंत. सावंत त्यांचे जुने विद्यार्थी, आता स्वतः विभागप्रमुख, डोक्यावरचे केस गेलेले, दोन मुलींचे वडील. मी त्यांना पुण्यात एकदा भेटले होते. वन्सं खोलीत आल्या की ते उभे राहत आणि बसा म्हटल्याशिवाय बसत नसत. आणि वन्सं बसा म्हणायला नेहमी विसरत. एके सकाळी वन्संनी डायनिंग टेबलवरचं सगळं उचलायला लावलं, हिमनदीचा नकाशा पसरला आणि आम्हांला सांगितलं, की काठ्या मोजायचा दिवस ठरलाय, त्या शनिवारी हे टेबल म्हणजे बेस कँप आहे आणि कँपवरचे नियम सगळ्यांना लागू आहेत.

नियम असे, की कुणी आंघोळ करायची नाही, कारण वेळ वाया जातो. कामाखेरीज बोलायचं नाही. एकट्यानं गॅलरीत जायचं नाही. त्या शनिवारी भल्या पहाटे उठून पाहते तर वन्संनी एसी होता नव्हता तेवढा खाली आणला होता आणि पिसं भरलेलं जुनं निळं जाकीट घालून, कानटोपी चढवून त्या टेबलाशी बसल्या होत्या. बाहेर सूर्य उगवायच्या आधीच खिडकीच्या काचा गरम. आत श्रीधर शाल पांघरून कुडकुडत चार्जर धरून उभा. मीठ आणि लोणी घातलेला चहा प्रत्येकाला सक्तीचा होता. मिहिकानं एक घोट घेतला, "धिस इज सूप," म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं. थोड्या वेळानं ग्रेगरीभाऊ हॉटेलातली क्रुसाँ घेऊन आले. वन्संनी त्यांना जोडे काढायला लावले नाहीत. कँपवर जोडे काढत नाहीत.

संपर्काची व्यवस्था अशी होती. इथे व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, म्हणून साधा फोन. पण हिमनदीवर मोबाइलला रेंज कुठली? ती मिळते फक्त हिमनदीच्या तोंडाशी, तिनं आणून टाकलेल्या दगडांच्या ढिगाच्या अगदी माथ्यावर. तिथं बसला होता नोर्बू. नोर्बू त्या शेवटच्या गावचा, वन्संबरोबर वर्षानुवर्षं वर जाणारा, त्यांचा आचारी आणि त्याच्याच शब्दांत 'मॅडम का वकील'. त्याच्या एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी. वर बर्फावर सावंत आणि त्यांचे दोन विद्यार्थी एका दोरात, त्यांच्याकडे दुसरी वॉकीटॉकी. वन्सं अल ऐनमधून नोर्बूशी बोलणार, नोर्बू ते सावंतांना सांगणार, सावंतांचं उत्तर त्याच वाटेनं परत येणार.

आमचा फोन स्पीकरवर असल्यामुळे नोर्बू वॉकीटॉकीत काय बोलतो ते आम्हांला ऐकू येई, आणि वकील म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. सावंतांनी पहिल्या काठीचं माप सांगितलं. वन्संनी विचारलं, काठी तिरकी झाली असेल तर ती सरळ धरून मोजली का, की तसंच ठोकून दिलं. आणि ज्याला एवढंही सांगावं लागतं, तो विभागप्रमुख कसा झाला, हे त्या विद्यापीठालाच ठाऊक. नोर्बूनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वॉकीटॉकीत म्हणाला, "सर, मॅडम बोल रही हैं, काठी सीधी देख लेना। और चाय पी लो।" पुढच्या काठीला वन्संनी सावंतांच्या हस्ताक्षरावर, त्यांच्या पीएचडीवर आणि एकंदर कोकणी माणसावर भाषण केलं. नोर्बूनं कळवलं, "मॅडम खुश हैं।" वन्सं फोनकडे बघून गुरगुरल्या. मी विचारलं, हा नेहमी असंच करतो? त्या म्हणाल्या, वर्षानुवर्षं करतोय, म्हणून तर माझे विद्यार्थी टिकले.

सकाळ अशी मजेत गेली. एकेक काठी होत गेली तसं वन्सं नकाशावर साबुदाण्याचा एकेक दाणा पुढे सरकवत होत्या. आकडे वाईट होते. खालच्या काठ्या जवळजवळ पूर्ण उघड्या पडल्या होत्या, एक तर आडवीच मिळाली. दाणा ठेवताना त्यांचा हात थोडा रेंगाळायचा. शेवटी एकच काठी उरली, सगळ्यांत वरची. सावंत चढत होते, रेंज येत-जात होती. मधेच नोर्बू सहज म्हणाला, की थोडासा ढग आलाय.

वन्सं ताठ बसल्या. त्यांनी विचारलं, खिंडीमागचा दात दिसतोय का? दात म्हणजे तिथला एक काळा सुळका. नोर्बूनं जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, अभी था, अभी नहीं है. वन्संनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मला त्यांनी एका वाक्यात समजावलं, की दात दिसेनासा झाला की पाठोपाठ सगळी उतरण पांढरी होते, बर्फ कुठला आणि आभाळ कुठलं ते कळत नाही, आणि वरच्या काठीच्या अलीकडे भेगा आहेत. मग त्या नोर्बूला म्हणाल्या, सावंतला सांग, परत फिर.

नोर्बूनं लगेच सांगितलं. पलीकडून खरखर, मग सावंतांचा धापा टाकणारा आवाज. थोडंच राहिलंय, गाठतो, म्हणाले. नोर्बू म्हणाला, मॅडम परत फिरा म्हणताहेत. तर सावंत हसले. तेवढं हसू स्पष्ट ऐकू आलं. "नोर्बू, तू अपने मन की मत बोल। मॅडम ऐसा नहीं बोलेंगी।"

नोर्बूनं पुन्हा सांगून पाहिलं, तो शपथेवर आला, पण ज्या माणसानं इतकी वर्षं मॅडमच्या तोंडी गोड वाक्यं घातली, त्याचं हे वाक्यही सावंतांना त्यातलंच वाटलं. मॅडम रिकाम्या हातानं परत या म्हणतील, ह्यापेक्षा नोर्बू घाबरलाय, हे पटायला सोपं होतं. आम्ही चालतोय, असं म्हणून त्यांनी वॉकीटॉकी खाली ठेवली असावी. वन्संचा चेहरा मी पाहिला. राग नव्हता त्यात. काहीतरी एकदम कळलेल्या माणसाचा चेहरा होता. तो माणूस ढगाला भीत नव्हता; तो त्यांना भीत होता, आणि पाठीला दोन पोरं बांधून चालला होता.

"नोर्बू," त्या म्हणाल्या, "अब मैं मराठी में बोलूँगी. जैसा बोलूँगी वैसा बोलना. एक शब्द भी कम नहीं करना." आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून त्यांनी सांगितलं, "सावंता, टोणग्या, मुकाट्यानं खाली उतर, नाहीतर तंगडं मोडून हातात देईन."

नोर्बू अडखळला. मॅडम, तंगडं माने, असं त्यानं विचारलं. वन्सं म्हणाल्या, मतलब मत पूछो, बोलो. मग त्या दगडांच्या ढिगावरून, लाहौली उच्चारात, एका सभ्य गृहस्थानं आयुष्यात पहिल्यांदा मॅडमची शिवी जशीच्या तशी पोचवली. "सावन्ता, तोन्ग्या, मुकात्याने खाली उतर..." तंगड्याशी त्याची जीभ दोनदा घसरली, पण त्यानं शब्द सोडला नाही.

खरखर चालू राहिली. मग अगदी बारीक आवाज आला, "होय मॅडम."

त्यानंतर रेंज गेली नाही, ते तिघेच दिसेनासे झाले. सगळं पांढरं, नोर्बू म्हणाला, आणि वॉकीटॉकीतून काही येईना. थांबण्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं. वन्सं उठल्या, नवे गुडघे विसरून टेबलाभोवती फेऱ्या घालू लागल्या. श्रीधरनं बसायला सांगितलं, तर त्यांनी ऐकलं नाही. मिहिका केव्हा बाहेर येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. तिनं न बोलता आत्याचा हात धरला आणि तीही फिरू लागली. ग्रेगरीभाऊ खिडकीपाशी पाठ करून पुटपुटत होते. वन्संचा देवाधर्माशी कसलाच संबंध नाही. गणपतीत मंडळाच्या आरतीलासुद्धा त्या टाळ्या वाजवत नाहीत. त्या चालता चालता थांबल्या. "ग्रेगरी, काय ते पुटपुटताय? म्हणायचंच तर नीट मोठ्यानं म्हणा." मग ग्रेगरीभाऊ बँक्वेट हॉलमधल्या आवाजात नमो मरिया म्हणू लागले, आणि त्या थंडगार हॉलमध्ये आम्ही सगळे उभ्यानं ते ऐकत राहिलो.

किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. फोनवर नोर्बू एकदम म्हणाला, दिख गए, मॅडम. वन्संनी विचारलं, गिनती बराबर किया? तीन ही तो हैं, तो म्हणाला, तीनों हैं. जरा थांबून त्यानं सवयीनं विचारलं, की सरांना काय सांगू. वन्संनी तोंड उघडलं. मी भाषणाच्या तयारीनं श्रीधरकडे पाहिलं. पण त्या म्हणाल्या, "कुछ नहीं. चाय दे दो." आणि फोन ठेवला, जाकीट काढलं, आणि श्रीधरवर खेकसल्या, की बाळ्या, एसी एवढा कशाला लावलायस, माणसं मरतील.

त्या वर्षी वरच्या काठीचं माप मिळालं नाही. पुढच्या वर्षी सावंत गेले, तर काठीच सापडली नाही. बर्फानं कुठेतरी नेली. कुणा परदेशी शास्त्रज्ञानं वरच्या काठीचा त्या वर्षीचा आकडा का नाही, असं पत्रानं विचारलं, तेव्हा वन्संनी त्याला एकच शब्द लिहून पाठवल्याचं सावंत सांगतात: ढग. सावंत त्यांच्यासमोर अजूनही उभेच असतात. मात्र हल्ली वन्सं त्यांना बसा म्हणायला विसरत नाहीत, आणि त्यामुळे ते जास्तच घाबरतात.

पण मला आठवते ती त्याच दिवसाची संध्याकाळ. उन्हं कलल्यावर आम्ही दोघी गॅलरीत बसलो होतो. समोर जेबेल हफीतचा डोंगर जांभळा झाला होता. वाईट वाटून घेऊ नका, असं काहीतरी मी म्हणायला गेले, इतक्या वर्षांची मालिका तुटली वगैरे. वन्सं म्हणाल्या, मालिकेचं काय घेऊन बसलीस. मग त्यांनी मान मागे टेकून डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला.

"शुभा, काठी मोजायला दोन मिनिटं लागतात गं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना पुढे खाली पाठवायचे आणि मी नोर्बूबरोबर वर थांबायचे. नोर्बूला म्हणायचे, माझ्याकडे पाठ करून उभा राहा. कितीतरी वेळ. आणि खाली आले की वेळ घालवला म्हणून ह्यांनाच शिव्या द्यायचे."

काय करायचात तिथं, मी विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "उभी राहायचे."

थंडी सुरू झाली तशा वन्सं पुण्याला परत गेल्या. त्या पुन्हा वर गेलेल्या नाहीत, जाणारही नाहीत. हे आम्हांला माहीत आहे आणि त्यांनाही, त्यामुळे रविवारच्या फोनवर आम्ही भाजीचे भाव आणि मिहिकाचे मार्क ह्यावर बोलतो. परवा ऑफिसातलं काम आटोपून मी एकटीच घरी येत होते. गावाबाहेरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी वाळूच्या टेकड्या आहेत. वीस वर्षं त्यांच्यामधून जातेय, पण कधी ब्रेकवर पाय ठेवला नव्हता. का कोण जाणे, गाडी कडेला घेतली, उतरले, आणि वाळूकडे तोंड करून उभी राहिले. घाम मानेवरून खाली वाहू लागला. लगेच मागे एक पिकअप येऊन थांबली आणि पठाण ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, बाजी, म्हणजे ताई, गाडी बंद पडली? मी म्हटलं, गाडी ठीक आहे. मग काय झालं, त्यानं काळजीनं विचारलं. आता त्याला काय सांगणार? नणंदेची आठवण येतेय, असं माझ्या मोडक्या हिंदीत सांगून पाहिलं, त्याला काही उमगलं नाही. त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा वाळूकडे पाहिलं, सीटमागच्या डब्यातून पाण्याची गार बाटली काढून माझ्या हातात ठेवली आणि तो निघून गेला. मी ते पाणी प्यायले आणि आणखी थोडा वेळ तिथंच उभी राहिले.